वाटीवर आडवा कुंचला

हमरापूर, तालुका पेण
२५ ऑक्टोबर १९९९

चिरंजीव मितेशला आजीचा आशीर्वाद.

आधी ओळख देते, म्हणजे घोटाळा नको. मी गोदूबाई. तुझ्या बापाची, नाथाची, आई. रंग सावळा, दात मोजके, जीभ शाबूत. लहानपणी तू माझ्या शेजारी बसून शाडूचे उंदीर करायचास आणि त्यांना शेपूट लावायला विसरायचास. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा पोरगा पुढं मोठ्या गोष्टी विसरणार. गणपतीत आला नाहीस. दसऱ्याला आला नाहीस. तुझ्याबरोबरची पोरं अमेरिकेला गेलीत, ती घरी फोन करतात. तू गेलायस रोह्याला, पेणच्या स्टँडवरून एस.टी.त बसलं तर एक डुलकी होईपर्यंत येतं, आणि तुझाच पत्ता नाही.

अक्षर तुझ्या आईचं आहे. मी सांगते, बायजा लिहिते. मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, पण डबा वाचता येतो. हिरामण कंडक्टरच्या गाडीनं तुला डबा जातो, तो परत आला की मी आधी झाकण उघडून बघते. पावसाळ्यात माशाचे काटे एका बाजूला नीट रचलेले असायचे. म्हणजे पोरगा बसून जेवला. गणपतीनंतर भाकरी मधूनच तोडलेली, कालवणाला हात नाही. म्हणजे उभ्यानं खाल्ली. आणि परवाचा डबा जसा गेला तसाच आला. फडक्याची गाठसुद्धा माझीच.

नाथानं मला सांगितलं तुझं काम काय ते. तुझी कॉम्प्युटर कंपनी मुंबईची, तिनं तुला रोह्याच्या केमिकल कंपनीत नेऊन बसवलाय. तिथल्या मशीनमध्ये म्हणे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे भरलेत. नव्व्याण्णव संपलं की शून्य शून्य लागणार, आणि मशीनला वाटणार एकोणीसशे साल आलं. मग ते काय उघडेल आणि काय बंद करेल याचा भरवसा नाही. ते सगळं तू डिसेंबर संपायच्या आत तपासायचंस. मितेश, एवढं महागाचं मशीन आणि त्याला स्वतःचं वय सांगता येत नाही? मलाही येत नाही म्हणा. पण मी कुठली वाफ सोडत नाही.

मला भीतीबिती वाटत नाही. एवढंच विचारते, तुझी पाळी कुठली? हिरामण म्हणतो, "आजी, सकालच्या गाडीला गेलो तरी तो आत, सांजच्याला गेलो तरी आत." मग बाबा, तू बाहेर कधी असतोस?

दिवाळीला ये. आपल्या मूर्तींच्या कारखान्यात माघी गणपतींचं काम काढलंय. तू नुसता बस, हात नको लावू. शेपूट विसरशील.

तुझी आजी
गोदूबाई


हमरापूर
१४ नोव्हेंबर १९९९

चिरंजीव मितेशला आशीर्वाद.

पाडव्याला आलास आणि भाऊबीजेच्या आधी गेलास. याला काय म्हणायचं? पाहुण्यांनाही आम्ही चहा संपेपर्यंत धरून ठेवतो.

पाटावर बसलास, चकली हातात घेतलीस, आणि चकली हातातच राहिली. डोळे उघडे होते. मी म्हटलं, "काय रं, वेढं मोजतोस काय चकलीचं?" सगळी हसली. तू हसला नाहीस. सगळी हसून गप्प झाली, नाथा दुसरं काही बोलायला लागला, आणि तेव्हा तू हसलास. बायजा विचारते, हे पण लिहू का? लिही गो, त्याचंच तर आहे.

दुपारी ओटीवर आडवा झालास तर तुझी बोटं गोधडीवर चालत होती. तुझी आई कपाळाला हात लावून बघायला लागली. मी म्हटलं, "ताप नाय गो, झोपंत पन काम करतोय तो. कंपनीला फुकटात नोकर गावलाय." तेवढ्यात धोंडुबाईच्या दुकानातून पोर ओरडत आलं, मितेशदादाचा फोन. तू असा उठलास की जसं कुणी अंगावर पाणी ओतलं. फोनवर काय बोललास ते धोंडुबाईनं सगळ्या गावाला सांगितलं. तू नुसतं "हो साहेब, हो साहेब" म्हणत होतास. एकदाही दुसरं काही म्हणाला नाहीस. असला नवरा मिळाला तर कुठलीही बायको सुखात राहील.

आणि जाताना बापाच्या चपला घालून गेलास. तुझ्या इथंच राहिल्यात. नाथाच्या चपला तुला किती मोठ्या होतात, चालताना कळलं नाही? नाथाला तुझ्या होत नाहीत. तो कारखान्यात अनवाणी फिरतोय आणि म्हणतोय, असू दे, पोराच्या डोक्यात काम असतं.

फराळाचा डबा हिरामणबरोबर पाठवलाय. करंज्या मोजलेल्या नाहीत. मोजून परत पाठवू नको.

(मी बायजा लिहिते. मितेश, सासूबाई हे सगळं हसत सांगतात. पण तू गेल्यापासून रोज संध्याकाळी तुझ्या चपला उंबऱ्याशी सरळ लावून ठेवतात आणि त्यांच्याकडे बघत बसतात. मी विचारलं तर म्हणतात, उंदीर येतात. जेवत जा रे.)

बायजा काय लिहितेय एवढं? मी तर काहीच सांगितलं नाही.

गोदूबाई


पेण, पोस्टाच्या बाहेरून
९ डिसेंबर १९९९

मितेश,

अक्षर वेगळं बघून घाबरू नको. घरी सगळी बरी आहेत. हे पत्र विठू लिहितोय. पोस्टाच्या बाहेर पेटी मांडून बसतो आणि लोकांची पत्रं लिहून देतो, तो. घरात मी सांगितलं, डोळे दाखवायला पेणला जाते. बायजाला यातलं काही कळायला नको.

सोमवारी डबा गेला, त्याच्याबरोबर मीच गेले. हिरामणनं मला पुढच्या सीटवर बसवलं. तुझ्या कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. म्हटलं पोरगा जेवायला बाहेर येईल, त्याच्या हातात गरम डबा देईन, चार शिव्या देईन आणि परत येईन. बसून बसून डबा निवला.

मग तू आलास. नाथाच्या चपला फरफटवत. मितेश, मी जन्मभर मूर्तींच्या कारखान्यात राहिले. डोळे लावायच्या आधी मूर्ती कशी दिसते ते मला ठाऊक आहे. नाक, सोंड, मुकुट सगळं जागच्या जागी, आणि बघणारं कुणी नाही. तू तसा येत होतास.

मी उठून तुझ्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "मितेश." तू थांबलास. माझ्या तोंडाकडे बघितलंस, चांगलं बघितलंस. आणि म्हणालास, "आजी, बाजूला व्हा, मागून ट्रक येतोय."

आणि गेलास.

आजी म्हणालास. पण रस्त्यावरच्या कुठल्याही म्हातारीला म्हणतात तसं. माझ्या हातात तुझाच डबा होता, त्याच्यावर तुझ्या आजोबांचं नाव कोरलंय, तोही ओळखला नाहीस. ट्रक खरोखर येत होता. मी बाजूला झाले. आधीच्या पत्रांत मी तुला विसरभोळा म्हणून चिडवायची ना, ती आजपासून चिडवणार नाही. मला त्यात मजा येत नाही आता.

विठू थांबलाय. म्हणतो, आजी, पाणी प्या. पिते. लिही रे तू.

मी परत बाकावर बसले. टपरीवाल्याला वाटलं मी कुणा कामगाराची आई. म्हणाला, "सखाची कोन तुम्ही? हात बरा होतोय त्याचा, नका घाबरू." मी म्हटलं, "काय झालं हाताला?" तो सांगायला लागला. गेल्या आठवड्यात आत मशीनची परीक्षा चालली होती. मोठं पातेलं असतं ना तुमचं, त्याला तुम्ही रिअॅक्टर म्हणता, ते निवलं असं मशीननं दाखवलं. ते निवलं नव्हतं. सखानं झाकण सैल केलं आणि वाफ हातावर आली. कोपरापर्यंत.

मी विचारलं, "आनि बगनारं कोनी नव्हतं?"

तो म्हणाला, "व्हता की. मुंबैवाल्यांचा कॉम्प्युटरवाला पोरगा. मशीन खोटं दाखवतंय म्हनून वरडायचं त्याचंच काम. खुर्चीत बसल्या बसल्या झोपला व्हता म्हनतात, डोलं उघडं ठेवून. कोनाला कललंच नाय."

मी त्याला सांगितलं नाही की तो पोरगा माझा. चहा अर्धा ठेवला आणि उठले. परत येताना गाडीत हिरामण विचारत होता, भेटला का नातू? मी म्हटलं, भेटला.

मितेश, सखाचं मला वाईट वाटतं. पण भीती मला तुझी वाटते. तुझ्यासाठी नाही म्हणत, तुझी म्हणते. जो माणूस उघड्या डोळ्यांनी आपल्या आजीला ओळखत नाही, त्याच्या हातात ती पातेली आहेत, आणि एकतीस तारखेला सगळं गाव निजलेलं असताना तो तिथं बसणार. रोह्यात किती घरं आहेत त्या कंपनीच्या आजूबाजूला! दारात बायका पापड वाळत घालत होत्या. मी बघितलं गाडीतून.

घरी लिहू नको. विठूच्या नावावर पोस्टात लिही. पण लिही.

गोदूबाई


पेण, पोस्टाच्या बाहेरून
२३ डिसेंबर १९९९

मितेश बाळा,

तुझं पत्र आलं. विठूनं वाचलं, मी म्हटलं परत वाच, त्यानं परत वाचलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर म्हणाला, "आजी, त्यात बदल नाय व्हनार." मोठा शहाणा आहे.

माफी मागितलीस ती राहू दे. टपरीपाशी मी उभी होते हे तुला माझं पत्र वाचून कळलं, आणि वाचूनही आठवत नाही, असं लिहिलंस. सखाच्या घरी जाऊन आलास, त्याच्या बायकोनं तुला पाणी दिलं आणि तुझ्या हातातून तांब्या पडला, तेही कळलं. बरं केलंस गेलास ते.

आता पुढचं. तुझ्या मुंबईच्या कंपनीचे सुशील साहेब म्हणतात, दोन पातेली तपासायची राहिली तर राहू देत, एकतीसच्या आधी सगळं ठीक आहे म्हणून सांगून टाक, मागाहून बघता येईल. सगळ्या कंपन्या तशाच सांगतायत. तू विचारलंस, "आजी, मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याला आणतील, तो हो म्हणेल. मग माझ्या नाहीचा उपयोग काय?"

मला कॉम्प्युटर कळत नाही. आपल्या कारखान्यातलं सांगते. तुझ्या आजोबांची, बाबाजींची, आखणी, म्हणजे डोळे रेखायचं काम. गणपतीचे डोळे तेच काढायचे, दुसऱ्याचा हात चालायचा नाही. तू लहान होतास, पण बघितलंयस. रंग वाटीत कालवायचा, कुंचला भिजवायचा, आधी हवेत एक रेघ ओढून बघायची. रेघ थरथरली की काही बोलायचं नाही. कुंचला वाटीवर आडवा ठेवायचा, मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकायचं आणि उठायचं. आपल्याकडे आडव्या कुंचल्याला कुणी काही विचारत नाही. मालकही नाही, गिऱ्हाईकही नाही. कुणी दुसऱ्यानं तो उचलायचाही नाही.

एका वर्षी मुंबईचा व्यापारी आला होता, दारात ट्रक उभा, चतुर्थी तोंडावर. ओळीनं मूर्ती मांडलेल्या, सगळ्या आंधळ्या. बाबाजींनी कुंचला आडवा ठेवला. व्यापारी काय काय बोलला! म्हणाला, "अरे, तांबडा ठिपका दे आन काला ठिपका दे, कोन जवल जाऊन बगतंय?" नाथा तेव्हा तरणा होता. तोही बापाला म्हणाला, मी काढतो. बाबाजी म्हणाले, "डोलं नाय लावलं तवर ती माती हाय, ती थांबंल. वाकडं लावलं तर तो देव हाय, तो कसा थांबंल?" आणि जाऊन झोपले. मी ओटीवर बसून त्यांच्या घोरण्याबद्दल व्यापाऱ्याची माफी मागत होते. जाग आल्यावर बाबाजी उठले, तोंड धुतलं, भाकरी खाल्ली आणि एका बैठकीत सगळे डोळे काढले.

तो व्यापारी पुढच्या वर्षी आला की नाही, मला आठवत नाही. मूर्ती आठवतात.

तू विचारलंस तुझ्या नाहीचा उपयोग काय. दुसरा आला आणि हो म्हणाला, तर त्याच्या हातून होईल. तुझ्या हातून होणार नाही. आणि साहेबाला नुसतं नाही नको म्हणू. मोठ्यानं म्हण, कंपनीच्या लोकांसमोर म्हण, सखाचं नाव घेऊन म्हण. फोनवर बोलायचं नाही, फोनवर तुला हो साहेब म्हणायची सवय लागलीय. धोंडुबाईला विचार.

मला भीती वाटते, बाळा. हे पत्र पोचायच्या आधीच तू हो म्हणून बसला असशील, अशी वाटते. नाही म्हणशील आणि ते तुला हाकलून देऊन पातेली तशीच चालू ठेवतील, अशीही वाटते. रात्री वारा रोह्याकडून आला की मी उठून वास घेते. वास कसला, मिठागराचाच असतो. पण मी उठते.

आजच्या डब्यात वरच्या पुडात भाकरी नाही. बाबाजींचा कुंचला आहे. तो धरून आधी हवेत रेघ ओढून बघ. मग ठरव.

गोदूबाई


हमरापूर
३१ डिसेंबर १९९९, सकाळी

मितेशला आशीर्वाद.

हिरामणची गाडी सुटायच्या आत हे लिहून द्यायचंय, म्हणून बायजाच लिहितेय. तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं रडेल, चिडेल. ती म्हणते, "पोराचं बरं नाय ते मला ठावं हाय. डबा घासायला मीच घेते ना. तुमच्या आधी मी उघडते आन गाठ परत तशीच मारते." इतके दिवस आम्ही दोघी एकाच डब्यावर नजर ठेवत होतो आणि भीती एकमेकींपासून लपवत होतो. नाथाला मात्र खरंच काही ठाऊक नाही. तो अजून चपलांची वाट बघतोय.

काल डब्यात तुझी चिठ्ठी आली, कुंचला आला नाही. असू दे तुझ्याकडे. चिठ्ठी बायजानं वाचली. रेघ थरथरली, म्हणून तू कुंचला साहेबाच्या टेबलावर चहाच्या कपावर आडवा ठेवलास. अरे, त्या बिचाऱ्याला काय कळणार त्यातलं! पण मग बोललास, सगळ्यांसमोर, हे बरं केलंस. सुशील साहेबांनी तुला काय काय म्हटलं ते तू लिहिलं नाहीस, आणि पुढच्या कामावर तुझं नाव नसेल एवढंच लिहिलंस. नसू दे. शेवटी सखाच्या साथीदारांनी झाकणांना हात लावायला नकार दिला आणि केमिकल कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ती दोन पातेली थंड करून बंद ठेवायला सांगितली. बाकीची चालू राहणार, आणि आज रात्री त्यांच्यासमोर तूच बसणार.

ती ओळ बायजानं परत वाचली.

तू म्हणतोस, बाकीची तपासलेली आहेत. मी विश्वास ठेवते. तू म्हणतोस, दोन दिवस पोटभर झोपलास, घरमालकानं दार वाजवून बघितलं जिवंत आहेस का. त्याच्यावरही विश्वास ठेवते. पण माणूस विश्वास ठेवतो म्हणून त्याची भीती जात नाही. ती माझ्या शेजारी बसलीय, आज रात्री माझ्याबरोबर जागणार आहे. नाथा म्हणतो, गावातली पोरं शेकोटी पेटवून नवीन साल करणार, आई तू पण चल. मी म्हटलं, मला थंडी बाधते.

आता नीट ऐक. उद्या मला फोन नको. धोंडुबाईच्या दुकानात तू म्हणशील सगळं ठीक आहे, आणि तुझा आवाज ठीकच येईल, तो नेहमीच येतो. चिठ्ठी नको. ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावी लागते. उद्या उजाडलं, तुझ्या जागी दुसरा माणूस बसला, की गेटमधून बाहेर ये. सरळ रोह्याच्या बाजारात जा. शेंगावाल्या बायका सकाळीच बसतात. ताज्या वालाच्या शेंगा घे. शेंगावालीला घालू देऊ नको, टोपलीत स्वतः हात घाल, एकेक शेंग उजेडाला धरून बघ. दाणा भरलेला घे, किडकी टाक. आणि दुपारी हिरामणच्या गाडीनं पाठव.

शेंगा आल्या की मी सगळ्या सुपात पसरून बघणार आहे. एकही किडकी निघाली नाही तर समजेन, माझ्या नातवाचे डोळे जागेवर आलेत. मग भले रविवारी तू ये, नाहीतर मी तिथं येते, आणि या वेळी ट्रकसमोरून हलणार नाही.

पोपटीचं, शेंगा भाजायचं, मडकं बायजानं घासून ठेवलंय. भांबुर्डीचा पाला इथं बांधावर मोप आहे, मीठ तर आपल्या गावात उघड्यावर पडलंय, ओवा मी निवडलाय. त्यातलं काही पाठवू नको. शेंगाच पाठव, मडकं भरेल एवढ्या, आणि वर थोड्या नाथासाठी, त्याच्या चपलांबरोबर बांधून.